रुखसत

आमच्या गावच्या मशिदीसमोर जांभ्या दगडात बांधलेला एक हौद आहे, आणि त्या हौदाच्या खाडीकडील कठड्यावर बसून वजू करणारे माझे धाकटे चाचा हे माझ्या बालपणीच्या आठवणींतले सर्वांत ठळक आणि कित्येक वर्षे मला न उलगडलेले असे चित्र आहे. असरची अजान झाली की ते येऊन बसत. हात मनगटापर्यंत तीनदा, मग चूळ, मग नाक, मग चेहरा, मग कोपरापर्यंतचे हात, अशा विहित क्रमाने सारे उरकून उठत, दोन पावले चालत, थबकत, डावे कोपर उजेडाकडे वळवून न्याहाळीत, आणि परत येऊन पहिल्यापासून आरंभ करीत. आत इमामाने सलाम फेरून जमात उठली तरी चाचांचे कोपर त्यांच्या लेखी कोरडेच राहिलेले असे. पावसाळ्यात त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुते. थंडीत सांध्यांवर चिरा पडून त्यांतून रक्त येई, आणि त्या रक्तामुळे वजू मोडली की काय या नव्या शंकेने ते पुन्हा पाण्यात हात घालीत.

गावात या बाबतीत दोन तट होते. एका तटाच्या मते चाचा हे कमालीचे परहेजगार गृहस्थ असून त्यांची ही पराकोटीची शुचिता अनुकरणीय होती. दुसऱ्या आणि बहुसंख्य तटाच्या मते त्यांचे इमान कच्चे असल्यामुळेच सैतानाला त्यांच्या मनात वस्वसा म्हणजे कुशंका घालण्यास वाव मिळाला होता, आणि यावर तोड म्हणून त्यांनी आपली इबादत वाढवावी, म्हणजे ज्या हौदाने त्यांना बांधून ठेवले होते त्याच हौदावर आणखी चार वेळा जावे, असा सल्ला त्यांना मिळत असे.

या गोष्टीला आता पन्नासएक वर्षे लोटली. चाचांच्या व्याधीला वैद्यकात नाव आहे, औषध आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ‘इमान कच्चे’ हा निवाडा मात्र जशाचा तसा राहिला आहे. बाळंतपणानंतर महिनामहिना भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सुनेला, आखातातली नोकरी सुटल्यावर झोप हरवून बसलेल्या जावयाला, परीक्षेच्या धास्तीने छाती धडधडणाऱ्या मुलाला आमच्या घरांतून अजूनही प्रथम हाच प्रश्न विचारला जातो की, तू नमाज नीट पढतोस ना, अल्लाहवर तुझा भरवसा आहे ना. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, याविषयी मला शंका नाही. पण खिन्न झालेला मनुष्य स्वतःविरुद्ध अहोरात्र फिर्याद चालवीत असतोच, आणि त्या फिर्यादीत त्याच्या धर्मालाही सरकारपक्षाचा वकील म्हणून उभे केले, तर त्या जिवाने दाद मागावी तरी कोणाकडे? या समजुतीला इस्लामी परंपरेत आधार नाही, एवढेच म्हणून मी थांबणार नाही. ती समजूत त्या परंपरेच्या अत्यंत दयाळू अशा एका अंगावरच घाव घालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम दुःखाचीच गोष्ट घेऊ. कुराणाच्या बाराव्या अध्यायात याकूब पैगंबरांची जी कथा आली आहे, तीत पुत्रवियोगाने रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले असे सांगितले आहे; घरची माणसे त्यांना या शोकापायी तुम्ही झिजून मराल असे बजावतात, आणि ते उत्तर देतात की आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे आपण केवळ अल्लाहपाशी नेतो. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, ज्यांचा सब्र ‘जमील’ म्हणजे सुंदर म्हणून वाखाणला जातो ते हेच रडणारे वृद्ध होत. सब्र म्हणजे अश्रूंना मनाई, हा अर्थ आपण मागाहून लावला. इसवी सन 619 च्या सुमारास मुहंमद पैगंबरांच्या पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब हे दोघेही अल्पावधीत वारले. त्या वर्षाला चरित्रकारांनी ‘दुःखाचे वर्ष’ असेच नाव दिले, आणि ते नाव कोणालाही पैगंबरांच्या श्रद्धेस उणेपणा आणणारे वाटले नाही. पुढे त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत असता त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा ‘आपणसुद्धा?’ असे जवळच्या एका सहकाऱ्याने आश्चर्याने विचारले. त्यावर त्यांनी ही करुणा आहे असे सांगितले आणि आसवे पुसण्याची घाई केली नाही. तो आश्चर्य करणारा सहकारी आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात आजही हयात आहे. त्याला मिळालेले उत्तर मात्र विस्मरणात गेले आहे.

यावर कोणी म्हणेल की शोक निराळा आणि व्याधी निराळी. ही हरकत रास्त आहे, आणि म्हणूनच मला इमाम गझालींकडे वळावेसे वाटते. आम्ही कोकणी मुसलमान शाफिई मजहबाचे. गझालीही त्याच मजहबाचे आचार्य, आणि आमच्या मदरशांतून त्यांचे नाव ज्या अदबीने उच्चारले जाते ती अदब फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. 1058 साली खुरासानातील तूस येथे जन्मलेला हा पंडित वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, 1091 मध्ये, वजीर निजामुल्मुल्कच्या नेमणुकीने बगदादच्या निजामिया विद्यापीठाच्या मुख्य आसनावर बसला, आणि शेकडो विद्यार्थी त्याच्या व्याख्यानांना लोटू लागले. विद्येच्या आणि प्रतिष्ठेच्या दृष्टीने मिळवावे असे त्याला काही उरले नव्हते. अशा अवस्थेत 1095 च्या उन्हाळ्यात त्याची वाचा बसली. हे मी अलंकाराने म्हणत नाही. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी स्वतःच नमूद केले आहे की, सुमारे सहा महिने बगदाद सोडावे की राहावे या ओढाताणीत त्यांनी काढले. एके दिवशी निघण्याचा निश्चय करावा, दुसऱ्या दिवशी तो मोडावा. आणि अखेरीस, विद्यार्थ्यांच्या समाधानाखातर एक दिवस तरी पाठ द्यावा असे मनात असूनही, जिभेतून शब्द निघेना. घास गिळवेना, घोटभर पाणीही पचेना, अंगातली शक्ती गेली.

तेव्हा काय घडले, याकडे माझ्या समाजबांधवांनी लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. वैद्य बोलावण्यात आले. त्यांनी तपासून सांगितले की, हा आघात हृदयावर झालेला असून तेथून तो शरीरप्रकृतीत पसरला आहे, आणि मनावर बसलेल्या चिंतेचा भार हलका झाल्यावाचून औषधाची मात्रा चालणार नाही. अकराव्या शतकात ज्या वैद्यकाने आपल्या धर्माच्या अग्रगण्य आचार्याच्या बाबतीत असे निदान निर्भयपणे केले, त्या वैद्यकाविषयी मला नितांत आदर वाटतो. आणि ते निदान गझालींनी लपवून न ठेवता स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवले, याबद्दल तर त्याहून अधिक. पुढे त्यांनी पद सोडले, मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली मत्ता वाटून टाकली, मक्केला जातो असे सांगून ते दमास्कसला गेले, आणि दशकभराच्या एकांतानंतर 1106 मध्ये निशापूरला पुन्हा पाठ देऊ लागले. आपल्या त्या अवस्थेचा अर्थ त्यांनी आध्यात्मिकच लावला, आणि तो त्यांचा अधिकार होता. ते बरे झाले ते इबादतीने की विश्रांतीने, याचा वाद घालणे मला निरर्थक वाटते, कारण ज्या माणसाला दोन्ही लाभले त्याच्या बाबतीत हा हिशेब कोणालाच मांडता यायचा नाही. माझा मुद्दा इतकाच की, ज्याने धर्मविद्येच्या पुनरुज्जीवनाचा महाग्रंथ लिहिला त्याची जीभ जर लुळी पडू शकते, तर एखाद्या गृहिणीला पहाटे अंथरुणातून उठवत नाही यावरून तिच्या इमानाचे मोजमाप करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गझालींच्याही पूर्वी, नवव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि दहाव्याच्या आरंभी, बल्ख येथील अबू झैद यांनी शरीर व आत्मा यांच्या स्वास्थ्यावर एक ग्रंथ रचला. भूगोलाच्या अभ्यासकांना ते नकाशे काढणाऱ्या बल्खी परंपरेचे प्रवर्तक म्हणून परिचित आहेत. या ग्रंथाचा दुसरा, आठ प्रकरणांचा भाग सर्वस्वी मनाला वाहिलेला आहे. त्यात क्रोध, भय, शोक आणि वस्वसा यांचा एकेक करून विचार केला आहे, आणि शोकाचे त्यांनी केलेले दोन भाग तर वाचणाऱ्याला थबकवतात. एक शोक असा की ज्याचे कारण माणसाला सांगता येते: कोणी मेले, काही गमावले. दुसरा असा की ज्याचे कारण त्याला स्वतःलाही उमगत नाही. कशातही रस वाटत नाही, हातून काम होत नाही, आणि का, ते कळत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात, रक्ताच्या दोषात, आहे असे सांगून बल्खी त्यावर शरीराचे उपचार सुचवितात आणि जोडीला चांगली संगत व मन रमविणाऱ्या गोष्टीही. त्यांचे रक्तदोषाचे शास्त्र आज टिकणारे नाही. पण ‘याचे कारण तुझ्या चारित्र्यात नाही’ हे वाक्य रोग्याला ऐकवण्याची त्यांची भूमिका पूर्णपणे टिकणारी आहे. घरात जशा अडीअडचणीसाठी औषधी आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना धीराचे विचार जमवून ठेवावेत, म्हणजे व्याकुळतेच्या वेळी ते हाताशी राहतील, हा त्यांचा उपदेशही मला फार व्यवहारी वाटतो.

मात्र येथेच एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. अलीकडे बल्खींचे नाव आमच्या सभांतून बरेच ऐकू येऊ लागले आहे, आणि पश्चिमेच्या हजार वर्षे आधी आम्ही हे शोधून ठेवले होते, अशा अभिमानाने ते घेतले जाते. अभिमानाला माझी ना नाही. पण व्यासपीठावरून बल्खींचा गौरव करणारा गृहस्थ घरी परतल्यावर मुलीच्या गोळ्यांची चिठ्ठी कपाटाच्या तळाशी दडवीत असेल, सोयरिकीच्या बोलण्यात तिचा उल्लेखही होऊ देत नसेल, तर बल्खींचे ते आठ अध्याय त्याच्यापुरते लिहिलेच गेले नाहीत, असे म्हणावे लागेल.

आता मी ज्याला परंपरेचे दयाळू अंग म्हटले त्याकडे येतो. ‘रुखसत’ हा शब्द जुन्या मराठी दप्तरांतून रजा, निरोप, जाण्याची परवानगी या अर्थाने वावरत आला आहे; सरदार दरबारातून रुखसत घेऊन निघे. इस्लामी धर्मशास्त्रात याच शब्दाला एक नेमका पारिभाषिक अर्थ आहे: अडचणीत सापडलेल्या माणसाला मूळ कर्तव्यातून शरीयतीने स्वतःहून दिलेली सूट. उभे राहता येत नसेल त्याने बसून नमाज पढावी, बसवत नसेल त्याने पडून. प्रवाशाने चार रकातींच्या दोन कराव्यात. आजाऱ्याने रोजा पुढे ढकलावा. पाणी अपायकारक असेल त्याने स्वच्छ मातीने तयम्मुम करावा. माणसाने ही सूट घ्यावी हेच अल्लाहला प्रिय आहे, अशा आशयाची हदीसही आहे. म्हणजे सूट घेणारा हा कमी प्रतीचा श्रद्धाळू, ही कल्पनाच तेथे बाद होते. झोपलेला, अजाण बालक आणि ज्याची बुद्धी ढळली आहे असा मनुष्य, या तिघांवरून कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, अशी दुसरी एक हदीस सर्वश्रुत आहे. गझालींनी तर शरीयतीची पाच उद्दिष्टे सांगताना धर्म, जीवित, वंश आणि वित्त यांच्या पंक्तीत बुद्धीच्या रक्षणाला स्थान दिले आहे. जे शास्त्र बुद्धीचे रक्षण हे स्वतःचे प्रयोजन मानते, त्याच्या नावाने बुद्धीवर उपचार करून घेण्याला अटकाव व्हावा, हे मला कधीच समजू शकलेले नाही.

गझाली बगदादेत असता तेथेच हंबली मजहबाचे इब्न अकील नावाचे पंडित होते. त्यांच्याकडे एक मनुष्य आला, ही गोष्ट पुढे इब्नुल जौझी या ग्रंथकारांनी नोंदवून ठेवली आहे. तो म्हणाला, मी पाण्यात वारंवार बुडी मारतो आणि तरीही माझे स्नान झाले की नाही याची मला शंका राहते; मी काय करू? इब्न अकीलांनी उत्तर दिले की जा, तुला नमाज माफ आहे. कारण ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही त्याच्यावरून लेखणी उचललेली आहे, आणि पाण्यात बुडूनही आपण भिजलो की नाही असे ज्याला वाटते तो अशांपैकीच होय. हे उत्तर वरवर कठोर वाटते. परंतु शंकेच्या चक्रात सापडलेल्या माणसाला आणखी एक बुडी सुचविण्याऐवजी त्या पंडिताने चक्राचा कणाच काढून घेतला, हे आजचा मनोवैद्यही मान्य करील. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, एक जुना दंडकही हेच सांगतो, की जे निश्चित आहे ते केवळ शंकेने रद्द होत नाही. या दंडकाच्या आधारे माझ्या चाचांना कोणीही हौदावरून उठवू शकले असते. त्यांच्या चिरलेल्या हातांसाठी तर तयम्मुमची सवलतही होती. सवलत होती, ग्रंथात होती, गावात ग्रंथ वाचणारेही होते, आणि तरी ती त्यांच्यापर्यंत कित्येक वर्षे पोहोचली नाही.

मग श्रद्धेचा मनाला काहीच आधार नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. ज्याच्या दिवसाला धागाच उरलेला नाही त्याला पाच वेळांची दोरी मिळते. सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर, कोणाशी एक शब्दही न बोलता, आपण माणसांत आहोत हे देहाला कळते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकल्यावर जे ओझे कोणाला सांगता आले नाही ते खाली ठेवता येते. माझ्या स्वतःच्या वाईट दिवसांत या गोष्टींनीच मला सांभाळले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु हाच आधार रुखसतीवाचून दिला तर त्याचा फास होतो. रमजानचेच पाहा. लिथियमसारखे औषध घेणाऱ्या रोग्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तातले औषधाचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. आणि तरी सहरी-इफ्तारच्या वेळांत डॉक्टरांना न विचारता मात्रा बदलणारे, किंवा महिन्यापुरते औषध बंदच करणारे रोगी, ‘सगळे रोजे धरतात, मीच कसा नाही’ या एका शरमेपायी आपला जीव धोक्यात घालतात. आजाऱ्याला रोज्याची सूट खुद्द कुराणात, दुसऱ्या अध्यायात, दिलेली आहे. तापाने फणफणलेल्याला ती बिनतक्रार लागू होते. मनाने आजारी असलेल्याला मात्र आपण त्याचे कारण लेखी मागतो.

पूर्वी ही सूट दगडविटांतही उतरली होती. दमास्कसच्या नूरी बीमारिस्तानात आपल्या पोटशूळावर इलाज झाल्याची जाण ठेवून सुलतान कलावूनने 1284 मध्ये कैरोत भव्य मन्सूरी रुग्णालय उभारले, त्याच्या खर्चासाठी मिळकती वक्फ केल्या, आणि त्यात मनोरुग्णांचीही सोय होती. तुर्कस्तानात एदिर्ने येथे 1488 मध्ये पुऱ्या झालेल्या सुलतान दुसऱ्या बायझीदच्या रुग्णालयात गायकवादकांची नेमणूक असून रोग्यांना आठवड्यातून तीनदा संगीत ऐकवले जात असे, असे सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो. साखळ्या तेथेही होत्या, हे दडवण्यात अर्थ नाही. पण त्या काळी धर्मार्थ ठेवलेल्या संपत्तीतून वैद्याचा पगार निघे. आज आपल्याकडे वक्फच्या मिळकती कमी नाहीत. त्यांच्या उत्पन्नातून एखाद्या तालुक्याला एक मनोवैद्य मिळाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि ती उणीव दर्ग्यांच्या आवारांनी भरून काढली आहे.

दर्ग्याविषयी तुच्छतेने बोलणाऱ्यांशी माझे जमत नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या डोंगरावर किंवा गुजरातेतील उनावा येथील मीरा दातारच्या आवारात, जातपातधर्म न पाहता, घरच्यांनी टाकलेल्या माणसालाही बसायला सावली मिळते, हे सामान्य नाही. त्या आवारात डॉक्टरलाही बसवून दुआ आणि दवा जवळजवळ नांदवण्याचा प्रयोग उनाव्याला झाला, तो मला सर्वांत समंजस वाटतो. पण तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे काय घडले, तेही विसरता येणार नाही. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी निवासाच्या झोपडीला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले 28 रोगी पळता न आल्याने मेले. मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास 2017 च्या कायद्याने सक्त मनाई केली आहे. ज्याच्यावरून अल्लाहने लेखणी उचलली, त्याच्या पायात माणसांनी बेडी घालावी, याला दीन म्हणता येणार नाही.

एका विषयाबद्दल लिहिताना लेखणी अडते, तरी लिहिले पाहिजे. आत्महत्या इस्लामात हराम आहे. त्या मनाईने कित्येकांना कड्याच्या टोकावरून मागे ओढले आहे, आणि मी तिची किंमत जाणतो. पण ज्या घरात ते घडून गेले, तेथे मय्यत अंगणात असताना जनाज्याची नमाज होईल की नाही यावर कुजबुज चाललेली मी कानांनी ऐकली आहे, आणि मृताच्या आईने ती ऐकलेलीही पाहिली आहे. अशा एका मृताची नमाज पैगंबरांनी स्वतः पढवली नाही अशी हदीस आहे खरी. तथापि इतरांना जरब बसावी म्हणून ते स्वतः बाजूला राहिले, असा तिचा अर्थ लावून शाफिई, हनफी आणि मालिकी या मजहबांच्या आचार्यांनी नमाज व्हावी असाच निर्णय दिला आहे. ही हदीस ज्या संग्रहात आहे त्याच सहीह मुस्लिममध्ये आणखी एक कथा आहे. पैगंबरांचे सहकारी तुफैल यांच्यासोबत हिजरत करून मदिनेला आलेला एक मनुष्य तेथील हवा न मानवल्याने आजारी पडला. त्याचा धीर सुटला आणि त्याने बाणाच्या रुंद पात्याने आपल्या बोटांचे सांधे कापून घेतले. रक्त वाहून तो गेला. धीर सुटण्यासाठी तेथे जो अरबी शब्द आला आहे, तोच बल्खींनी शोकाच्या टोकाच्या अवस्थेसाठी वापरला आहे. पुढे तुफैल यांनी त्याला स्वप्नात पाहिले: त्याला क्षमा झाली होती, पण त्याने हात झाकून घेतले होते, कारण जे तू बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही असे त्याला सांगण्यात आले होते. हे स्वप्न पैगंबरांच्या कानी घातले, तेव्हा त्यांनी त्याच्या हातांनाही क्षमा कर, अशी दुआ मागितली.

ही हदीस मी प्रथम वाचली तेव्हा मला चाचांचे हात आठवले. मी बारातेरा वर्षांचा असताना आमच्या गावी पलीकडच्या तालुक्यातून एक वृद्ध मौलवी आले होते. दोन दिवस त्यांनी चाचांना हौदावर पाहिले, तिसऱ्या दिवशी ते स्वतः त्यांच्याशेजारी कठड्यावर बसले, त्यांची वजू एकदा पुरी झाल्यावर त्यांनी त्यांचे मनगट धरले, आणि यापुढे जी शंका येईल तिचा जाब कयामतीच्या दिवशी मी देईन असे सर्वांदेखत सांगून त्यांना आत नेले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनीच माझ्या वडिलांना भाडे देऊन चाचांसह मुंबईला मनाच्या डॉक्टरकडे पाठवले. गोळ्या पुढे अनेक वर्षे चालल्या. दादी रात्री इशानंतर त्या मोजून देई, आणि मग चुलीवर कोकमतेलाचा गोळा वितळवून चाचांच्या बोटांच्या चिरांत भरीत बसे. तेल सुकेपर्यंत चाचा दोन्ही तळवे वर करून, दुआ मागताना धरतात तसे धरून, स्वस्थ बसून राहत.